पुसू नका, टिपा

जून उलटला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साठ्याचे आकडे रोज छापून येतात. पाचव्याचे येत नाहीत. पाचवं आमच्या घरात आहे. वय पाच महिने, वजन साडेसहा किलो, विसर्ग बारमाही.

ती माझी भाची. जन्मदाखल्यावरचं तिचं नाव तिचे आईवडील सोडून कुणालाच एका दमात घेता येत नाही, म्हणून घरात ती छकू. ताई बाळंतपणाला माहेरी आली ती अजून इथंच आहे, कारण तिच्या ठाण्याच्या घरात पहिल्याच पावसात छत ठिबकायला लागलं. तिकडे छत गळतंय, इकडे छकू. छताला निदान वॉटरप्रूफिंगवाला तरी मिळतो.

सुरुवातीला सगळ्यांना कौतुक होतं. लाळेची पहिली तार हनुवटीवरून लोंबली तेव्हा बाबांनी तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि तिकडून भराभर जोडलेले हात आले. पुढे तारेची धार झाली. माझ्या झाडून सगळ्या शर्टांच्या डाव्या खांद्यावर पांढरट डाग पडले. ऑफिसात एका सहकाऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "कोंड्यावर काही घेतोयस का?" मी हो म्हणालो. पाच महिन्यांच्या मुलीवर आळ घेण्यापेक्षा कोंडा पत्करला.

मग एका सकाळी छकूची हनुवटी लाल दिसली. संध्याकाळपर्यंत लाली गालांवर चढली आणि दुसऱ्या दिवशी गळ्याच्या वळ्यांत उतरली. बारीक बारीक पुरळ, हात लावला तर खरखरीत. छकूला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ती आपली अख्खी मूठ तोंडात कोंबून पंख्याकडे बघत हसत होती. घर मात्र हादरलं, आणि कुठल्याही सुसंस्कृत मराठी घराप्रमाणे औषधाच्या आधी आरोपी शोधायला बसलं.

शेजारच्या काकू चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "हिचे डोहाळे पुरवले नव्हते का गं कुणी? डोहाळे राहिले की पोराची लाळ गळते."

घरात शांतता पसरली. बाबांनी पेपर वर धरला. ताईचे डोळे भरून आले आणि तिला नेमकं आठवलं. "ओल्या काजूची उसळ," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात. मी याला सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे वळले.

"काकू, मार्गशीर्ष होता," मी म्हणालो. "रात्रीचे दहा वाजले होते. ओले काजू फाल्गुनाच्या आधी येत नाहीत. झाडालाच नव्हते, तर मी कुठून आणणार?"

"मग काय आणलंस?"

"सुके आणले."

"खारे," ताईनं दुरुस्ती केली.

काकूंनी डोळे मिटून घेतले. "खारे काजू! मग पोरीच्या तोंडाला पाणी नाही सुटणार तर काय होणार?"

त्या दिवसापासून छकूच्या तोंडातून जो थेंब गळेल तो माझ्या खात्यावर. मी लग्न न झालेला, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी रिकामा. ऑफिस बहुतेक दिवस घरून करतो, म्हणजे दुप्पट रिकामा. त्यात आता गुन्हेगार. त्यामुळे यापुढची सगळी पळापळ माझ्याकडे आली, हे ओघानंच.

ताईच्या सासूबाई कोल्हापूरला असतात. त्यांचं निदान वेगळं होतं. "दृष्ट लागलीय, बाकी काही नाही," त्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि मला फोन छकूसमोर धरायला लावून तिकडून मीठमोहऱ्या ओवाळायला घेतल्या. ऐन मंत्रात नेटवर्क अडकलं. पडद्यावर त्यांची मूठ हवेत तशीच थिजली. अर्धवट काढलेली दृष्ट उलटते की काय, या काळजीनं आईनं मला फोन हलवू दिला नाही. मी हात ताठ करून उभा, बाबा राऊटर बंद-चालू करतायत, आणि छकूनं ती संधी साधून फोनचा कोपरा तोंडात घेतला. नेटवर्क आलं तेव्हा विहीणबाईंना नातीचा घसा दिसत होता.

निदान बरोबर करणारी घरात एकच व्यक्ती होती, रोज न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी. "दात येत्यात. हिरड्या शिवशिवत्यात तिच्या," त्या म्हणाल्या. पण मावशींचं कुणी ऐकलं नाही, कारण पोर रडलं, हसलं, पालथं पडलं, कशाचंही कारण त्या दातच सांगतात. आम्ही ऐकलं ते फक्त त्यांचं पुढचं वाक्य. "वरचा दात आधी आला तर मामाला जड जातंय बरं का," माझ्याकडे अगदी मायेनं बघत त्या म्हणाल्या.

मी सायन्सचा पदवीधर आहे. बाळांचे खालचे मधले दोन दात बहुधा आधी येतात, कधी वरचे येतात, आणि दोन्हींत मामाच्या तब्येतीचा संबंध नसतो, हे मला पक्कं माहीत आहे. तरीही त्या दिवसापासून आई रोज सकाळी टॉर्च घेऊन छकूच्या तोंडात डोकावायला लागली, तेव्हा मीही तिच्या मागे उभा राहून मान लांब करत होतो. काही दिसलं नाही की आई म्हणायची, "अजून काही कळत नाही रे," आणि मला दुपारच्या जेवणात एक पोळी जास्त वाढायची. काकूंनी तोडगाही सांगून ठेवला, मामानं भाचीला चांदीची वाटी द्यायची. सराफाचा पत्ता त्यांनी आपणहून दिला.

निदानावर एकमत नसलं तरी उपचाराला कुणी खोळंबलं नाही. आईनं सकाळी खोबरेल लावलं. त्यावर मावशींनी दुधाची साय आणि मसुराचं पीठ चोळलं. काकू जाता जाता म्हणाल्या, "ओलसर आहे ना, मग पावडर मारा की." पावडर आणि लाळ एकत्र आली की त्याचं पीठ मळलं जातं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते सुकलं, त्याला भेगा पडल्या आणि ते काढायला आईनं फडकं पाण्यात बुडवून खसाखसा घासलं. बाबांनी मग ते मलम आणलं ज्याच्यावाचून पुण्यात घर उभं राहत नाही, जे भाजण्यापासून टाचेच्या भेगांपर्यंत सगळ्याला चालतं. ताईनं ते हातातून काढून घेतलं. रात्री मी हनुवटी नीट पाहिली. उत्खनन केलं असतं तर एकेका थरावरून कोण कधी येऊन गेलं ते सांगता आलं असतं.

शेवटी डॉक्टर.

बालरोगतज्ज्ञांकडे एका बाळाबरोबर एक मोठं माणूस जातं, असा नियम असावा. आम्ही पाच जण गेलो. शिवाय विहीणबाई फोनवर. डॉक्टरांनी छकूला तपासलं, हिरडीवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा पुसता?"

"दहा-बारा वेळा," ताई म्हणाली.

"मी पण तेवढंच," आई म्हणाली.

"मी येताजाता," बाबा म्हणाले.

"अहो, मीसुद्धा," काकू म्हणाल्या. त्यांना खरं तर गुडघा दाखवायचा होता, म्हणून त्या आल्या होत्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे लाळेनं जेवढं केलं त्याच्या दुप्पट तुम्ही करताय," ते म्हणाले. तिसऱ्या महिन्याच्या आसपास लाळेच्या ग्रंथी जोमानं कामाला लागतात. ती गिळून टाकायचं कसब मात्र बाळाला हळूहळू येतं, आणि पुढे दातांचा बांधही नसतो, म्हणून ती बाहेर येते. दात हिरडीशी आला की आणखी वाढते. लाळेत पाचक रस असतात, ते घासासाठी असतात, हनुवटीसाठी नव्हे. कातडी सतत ओली राहिली की मऊ पडते, आणि मऊ पडलेल्या कातडीवर घरातली पाच माणसं आळीपाळीनं फडकं घासतात. "पुसू नका, टिपा," ते म्हणाले. कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ सुती कापडानं अलगद टिपायचं, कोरडं होऊ द्यायचं, आणि दूध पाजायच्या आधी व झोपवायच्या आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. पातळ. लाळेरं ओलं झालं की बदलायचं. गळ्याच्या वळ्या कोरड्या ठेवायच्या. सुगंधी साबण, सुगंधी वाइप्स, पावडर, सगळं बंद. पुरळ फुटून पाणी यायला लागलं, पिवळी खपली धरली, किंवा आठवड्याभरात उतार पडला नाही तर परत आणा. "आणि ताप १००.४ च्या वर गेला तर दात येतायत म्हणून घरी बसू नका. दातांच्या नावावर लोक वाटेल ते खपवतात."

"हिरड्यांना मध चोळला तर?" काकूंनी विचारलं.

"वर्षाच्या आत मध अजिबात नाही."

"आमच्या वेळी—"

"काकू, गुडघा दाखवायचाय ना? तो माझा विषय नाही."

घरी येताना रिक्षात कुणी बोललं नाही. वाटेत आई एकदाच म्हणाली, "एवढी फी घेतली, आणि बाटली एक लिहून दिली नाही." आमच्या घरात डॉक्टरची लायकी चिठ्ठीच्या लांबीवर ठरते. काही करू नका म्हणणारा डॉक्टर म्हणजे त्याला काही येत नसणार.

पेट्रोलियम जेलीचा प्रश्न बाबांनी अभ्यासाला घेतला. निवृत्त झाल्यापासून ते घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा इतिहास काढतात. रात्री जेवताना त्यांनी सांगायला सुरुवात केली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलविहिरी खणायच्या दांड्यांना एक मेणचट राड चिकटायची. कामगार तिला शिव्या द्यायचे, पण कुठं कापलं, भाजलं की तीच लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या केमिस्टनं ती स्वच्छ करून १८७२ मध्ये पेटंट घेतलं. लोकांना पटावं म्हणून हा गृहस्थ स्वतःचं कातडं भाजून घ्यायचा आणि त्यावर लावून दाखवायचा. रोज चमचाभर खायचा म्हणे. "आणि ९६ वर्षं जगला!" बाबांनी विजयी मुद्रेनं घास घेतला.

आई पहिल्याच वाक्यावर अडकली होती. "तेलविहीर म्हणजे कसल्या तेलाची?"

"खनिज तेल."

"म्हणजे रॉकेल?"

"त्याच कुटुंबातलं, पण हे शुद्ध केलेलं—"

"माझ्या नातीच्या तोंडाला रॉकेल लागणार नाही."

"अगं, थंडीत तू स्वतः ओठांना तेच लावतेस."

"माझ्या ओठांचं सोडा. आपली जुनी औषधं काय वाईट आहेत?"

यावर बाबांनी जुन्या औषधांचाही इतिहास काढला. विलायतेत दात येणाऱ्या बाळांना जी पावडर द्यायचे तिच्यात पारा असायचा, १९५० च्या दशकापर्यंत लोक ती बिनदिक्कत चारत होते. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेच तर मी म्हणतेय. विलायती नको."

मग ठरलं, शतधौत घृत. शंभर वेळा धुतलेलं तूप. तांब्याच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, गार पाणी ओतायचं, तांब्याच्या लोट्याच्या बुडानं घोटायचं, पाणी फेकायचं. हे झालं एक. असं शंभर. आमच्याकडची तांब्याची भांडी आईनं केव्हाच मोडीत देऊन त्यावर स्टीलचे डबे घेतले होते, म्हणून मला कसब्यात तांबट आळीत पिटाळलं. तिथं हातोड्यांच्या ठोक्यांत दुकानदाराशी बोलायचं म्हणजे दोघांनीही किंचाळायचं. "ताट कशाला पाहिजे? पूजेला?" "तुपाला!" "खायच्या?" "धुवायच्या!" त्यानं मला एकदा नीट न्याहाळलं आणि ताटाची किंमत कमी केली.

रविवारी मी घोटायला बसलो. बाबा मोजायला. टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता. "एकोणसाठ... साठ... अरे काय चेंडू टाकला! किती झाले?" "तुम्ही मोजत होतात." "सेहेचाळीस." "तो स्कोअर आहे बाबा." आईचा निवाडा पडला की आकडा नक्की नसेल तर पुन्हा पहिल्यापासून, कारण नव्वदधौत असं काही ग्रंथात दिलेलं नाही. संध्याकाळपर्यंत पिवळं रवाळ तूप पांढरंशुभ्र, गार, गुळगुळीत मलम होऊन बसलं आणि माझा उजवा हात खांद्यापासून खाली कुणा दुसऱ्याचा झाला. मलम खरंच देखणं झालं होतं. आईनं ते चिनी मातीच्या बरणीत भरलं आणि बरणी देवघरात ठेवली.

आता टिपायचं. हे प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही. मराठी माणसाचा हात पुसायला घडलेला आहे. पाट पुसायचा, पाटी पुसायची, ताट पुसून लख्ख करायचं. आईला कितीही वेळा सांगितलं, तरी ती फडकं अलगद ठेवायची, सगळ्यांकडे बघून "हे बघा, टिपलं" म्हणायची, आणि फडकं उचलता उचलता सवयीनं एक सणसणीत हात फिरवायचीच. काकू तर टिपायच्या आणि मग आपल्या पदरानं "जरा राहिलंय" म्हणून पुसायच्या. या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झाले बाबा. त्यांची नोकरी दौत, टाक आणि टीपकागदावर सुरू झालेली. ते हनुवटीवर कापड ठेवायचे, वरून तळहाताचा किंचित दाब द्यायचे, मनात काहीतरी मोजायचे आणि कापड सरळ वर उचलायचे. मग कापडाकडे निरखून बघायचे, सही उमटली आहे का या थाटात. घरातल्या प्रत्येकाची त्यांनी शिकवणी घेतली. माझ्याबद्दल शेरा होता, "हात थरथरतो." तूप घोटून थरथरत होता, पण ते ऐकायला कोण बसलंय.

लाळेरी हा तर वेगळाच संसार आहे. डॉक्टर सहज म्हणून गेले, ओलं झालं की बदला. आषाढात. बाहेर चार दिवस ऊन नाही आणि छकूचं लाळेरं बांधून गाठ मारेपर्यंत भिजलेलं. मी तुळशीबागेत जाऊन ढिगानं लाळेरी आणली. दिसायला एकापेक्षा एक, ससे काय, जिराफ काय, मागे प्लास्टिकचं अस्तर, मानेला टराटरा उघडणारी चिकटपट्टी. अस्तरामुळे ओल आतच राहिली आणि पट्टीची कड मानेला घासली, म्हणजे पुरळाला एक शाखा तिकडेही काढून मिळाली. मावशींनी ती सगळी बाजूला सारली आणि आईला म्हणाल्या, "आजेसासूचं जुनं लुगडं असंल की कुठंतरी." होतं. ट्रंकेतून निघालं, फाडलं, त्याची लाळेरी शिवली. इतकी वर्षं धुवून धुवून ते सूत असं मऊ झालं होतं की छकूनं पहिल्यांदाच गळ्यातलं ओढून काढायचा प्रयत्न केला नाही. ती बिनवासाच्या साबणात धुवायची आणि दोनदा खळबळायची, हा फतवा ताईचा.

धुतली, पण वाळणार कुठं? पंख्याच्या पात्याखाली दोरी बांधली. फ्रिजच्या मागे टांगली. बाबांनी इस्त्रीवर राखण धरली. माझ्या लॅपटॉपच्या मागून गरम हवा येते हा शोध आईला कुणी लावून दिला माहीत नाही, पण एका सकाळी तिथं ओळीनं तीन लाळेरी वाळत होती. त्यातलं एक माझ्या खिशात कसं गेलं तेही माहीत नाही. ऑफिसात मोठ्या साहेबांसमोर आकडे सांगताना मला घाम फुटला, मी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ टिपलं. पुसलं नाही, टिपलं, बाबांच्या शिस्तीत, किंचित दाब देऊन. समोरची माणसं माझ्या बोलण्याकडे कधी नव्हे इतक्या एकाग्रतेनं बघत होती. बसल्यावर शेजारचा हळूच म्हणाला, "बदक छान आहे."

इतकं सगळं होऊनही पुरळाची तऱ्हा अशी, की सोमवारपासून उतरत जायचं, शुक्रवारी हनुवटी जवळजवळ साफ, आणि रविवारी रात्री पुन्हा लाल. आईनं पंचांग पाहिलं. काकूंनी वाराचा दोष सांगितला. ताई मात्र शनिवारी दुपारी दार उघडून बघत उभी राहिली आणि तिला उत्तर मिळालं. ठाण्याहून दाजी आले होते. त्यांना दोन दिवसांची दाढी असते. ती कायम दोन दिवसांचीच कशी असते, हे मला आजवर उलगडलेलं नाही. आठवडाभर लेक दिसलेली नसते, त्यामुळे बूट काढायच्या आधी ते तिला उचलतात आणि दोन्ही गालांवर, हनुवटीवर, गळ्यात, मिळेल तिथं तोंड घुसळतात. छकू खिदळते. दाजी आणखी घुसळतात. बॅग उघडून त्यांनी आणलेली परफ्यूमची बाटली ताईनं त्यांच्याच हातात परत दिली आणि म्हणाली, "दाढी किंवा मुलगी. एक ठरव."

माझी बहीण अशी बोलते तेव्हा पुढे चर्चा नसते. दाजी बाथरूममध्ये गेले आणि तुळतुळीत होऊन बाहेर आले. त्यांना हनुवटी अशी आहे हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. छकूलाही नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, खालचा ओठ पुढे आला, आणि तिनं असा टाहो फोडला की काकू हातात पोळपाट घेऊन धावत आल्या. अश्रू, शेंबूड आणि लाळ यांचा त्रिवेणी संगम हनुवटीवर झाला. दाजी हॉलच्या कोपऱ्यात उभे राहून लांबूनच "अगं मी... बाबा, बाबा" म्हणत होते. त्यांना टिपायला मी लाळेरं दिलं.

हिरड्यांची शिवशिव भागवायला तिला चावायला काहीतरी हवं होतं. फ्रिजमध्ये गार केलेलं चोखणं आणलं, तिनं ते एकदा तोंडात घेऊन लांब भिरकावलं. गाजराची कांडी द्यावी असं काकूंचं मत पडलं, पण तुकडा तुटून घशात अडकला तर, म्हणून ताईनं हाणून पाडलं. छकूची स्वतःची आवड अगदी ठरलेली होती. टीव्हीचा रिमोट, आजोबांच्या चष्म्याची काडी, मामाचं बोट, आणि दाते पंचांग. आषाढातला कृष्णपक्ष तिनं जवळजवळ संपवला. आई संकष्टीचा चंद्रोदय बघायला गेली तर तिथं लगदा. "दात येतायत म्हणून दातेच सापडले का गं तुला?" बाबा म्हणाले. या विनोदावर ते एकटेच हसले आणि पुढे प्रत्येक पाहुण्याला तो ऐकवला.

आणि एका संध्याकाळी ताई चमच्यानं औषध पाजत असताना आवाज आला. टक्.

सगळे थबकले. ताईनं चमचा पुन्हा फिरवला. टक्. आईनं टॉर्च आणला, बाबांनी दुसरा आणला. काकू हाक न मारता आल्या. चार डोकी छकूच्या तोंडावर वाकली आणि मी मात्र दाराच्या चौकटीला धरून उभा. "काय आहे?" मी विचारलं. कुणी बोलेना. "वरचा की खालचा, एवढं सांगा."

"खालचा!" आई ओरडली.

मी खुर्चीत बसलो. सायन्सचा पदवीधर असूनही बसलो. काकूंचा चेहरा किंचित उतरला. "तरी वाटी द्यायला काय हरकत आहे," त्या म्हणाल्या.

दात आला आणि गंमत अशी झाली की हनुवटीकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. आता जो येईल तो दात बघायला खालचा ओठ ओढायचा. पुसणं आपोआप थांबलं. चार-पाच दिवसांत पुरळ गायब. मग श्रेयाची भांडणं सुरू झाली. आई म्हणाली, तूप. बाबा म्हणाले, टिपण्याची पद्धत. मावशी म्हणाल्या, लुगडं. कोल्हापूरहून कळलं की उरलेली अर्धी दृष्ट त्यांनी नंतर फोटो समोर ठेवून काढली होती. दाजींनी नुसतीच आपली हनुवटी चोळली. काकूंचं म्हणणं, मध्ये कधीतरी ताईला कुणीतरी ओल्या काजूची उसळ खाऊ घातली असणार.

लसीच्या वेळी डॉक्टरांनी छकूकडे बघितलं आणि म्हणाले, "छान! जेली लावलीत ना नियमानं?" आमच्यापैकी प्रत्येकानं भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघितलं. "आता लाळ थांबेल ना?" मी विषय बदलला. ते हसले. "दुधाचे दात किती असतात माहितेय? वीस. एकोणीस राहिलेत. दाढा तर अजून लांबच आहेत. दीड-दोन वर्षांची होईपर्यंत थोडीफार गळणारच."

परवा ताईनं मला तिच्या कपाटातून छकूचं टोपडं काढून आणायला सांगितलं. साड्यांच्या घड्यांमागे हात घातला तर एक डबी लागली. झाकण उघडलं. पेट्रोलियम जेली, निम्म्याच्या वर संपलेली. मी डबी घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"हळू बोल," ती म्हणाली. "डॉक्टरांकडून आल्यापासून लावतेय. प्रत्येक दुधाच्या आधी, रात्री झोपवताना. आईला कळता कामा नये."

"मग माझं तूप? शंभर वेळा घोटलेलं?"

"ते आई दुपारी लावते तेवढंच. पण तूप मात्र तू फार सुंदर केलंयस हं," ताईनं पाय पुढे केला. "बघ, टाचा कशा झाल्यात माझ्या. बरणी संपत आलीय. या रविवारी पुन्हा घोटशील?"